सहा रविवार माया नगरांत : कोल्हापुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

‘लुप्त माया संस्कृतीची रहस्ये’ अशा मथळ्याचे पत्रक मोबाइलवर आले तेव्हा ‘लुप्त’ आणि ‘रहस्ये’ हे दोन शब्द पाहूनच मी ते बाजूला सारले होते. सहा रविवार, संध्याकाळी पाच ते साडेसात, शुल्क पंधराशे रुपये आणि रंकाळ्याच्या बाजूचे एक पत्र्याच्या छताचे छोटे सभागृह, एवढा तपशील त्यात होता. शेवटी नाव नोंदवले ते पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीमुळे : ‘लिपीवर एक स्वतंत्र सत्र’. रहस्ये विकणारा माणूस लिपीवर अडीच तास खर्च करत नाही, असा माझा हिशेब होता आणि तो बऱ्याच अंशी बरोबर निघाला. वर्ग कसा होता हे मला अनेकांनी विचारले आहे. पुढच्या तुकडीत जावे की नाही हे ठरवणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

व्याख्याते पुरातत्त्वाचे निवृत्त अध्यापक आहेत आणि पत्रक आपण लिहिलेले नाही हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट केले. माया लोक लुप्त झालेले नाहीत. ग्वातेमाला, मेक्सिको, बेलिझ आणि होंडुरास या देशांत आजही लाखो लोक सुमारे तीस माया भाषा बोलतात, आणि १९९२ सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू या त्यांच्यापैकीच एका, किचे समाजातल्या आहेत, हे सांगून त्यांनी ‘लुप्त’ शब्द फळ्यावर लिहिला आणि खोडला. जे थांबले ते वेगळे होते : इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेकडच्या सखल प्रदेशातील राजघराण्यांनी तारखा कोरलेले शिलास्तंभ उभारणे थांबवले आणि तिकालसारखी मोठी नगरे हळूहळू ओस पडली. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तरेकडे त्यानंतरही कित्येक शतके नगरे नांदत होती.

त्याच दिवशी मागच्या रांगेतून अपेक्षित प्रश्न आला. पांडवांची मयसभा बांधणारा मयासुर आणि हे माया लोक यांचा संबंध आहे का? मला वाटले, आता एक तर थट्टा होणार किंवा टाळाटाळ. तसे काहीच झाले नाही. सरांनी उलट विचारले, की इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडाचा रोमन जगाशी संबंध होता हे आपण कशावरून म्हणतो? तिथे १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. ब्रह्मपुरीचीच पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे इकडे वस्तू आहे, जागा आहे, सोबत सापडलेल्या इतर वस्तू आहेत आणि मधल्या वाटेवर बंदरेही आहेत. मय आणि माया यांच्यामध्ये मात्र ध्वनिसाम्याखेरीज काहीही नाही. प्रश्न विचारणारे गृहस्थ सहाही रविवार आले, यावरून उत्तराचा सूर कसा होता हे कळावे.

दुसरे सत्र लिपीचे होते आणि माझ्या मते एवढ्या एका संध्याकाळीसाठीही शुल्क वसूल झाले. गोष्ट सुरू होते ती १५६२ साली, मानी या गावी, जिथे दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने माया ग्रंथ आणि मूर्ती जाळल्या. आज जगात माया लिपीतले चारच हस्तलिखित ग्रंथ उरले आहेत. विरोधाभास असा, की लिपी उलगडण्याची किल्लीही याच लांदाच्या टिपणात सापडली. त्याने एका माया लेखकाला स्पॅनिश मुळाक्षरे एकामागून एक उच्चारून दाखवली आणि ‘तुमच्याकडे ही कशी लिहितात’ असे विचारले. स्पॅनिशमध्ये ‘ब’ या अक्षराचे नाव ‘बे’. लेखकाने ऐकलेला ‘बे’ हा उच्चार तसाच लिहून दिला. लांदाला वाटले आपल्याला वर्णमाला मिळाली. प्रत्यक्षात त्याला बाराखडीचे तुकडे मिळाले होते.

हे ओळखले लेनिनग्राडमध्ये बसलेल्या युरी क्नोरोझोव्ह यांनी, १९५२ साली, माया प्रदेशात एकदाही पाऊल न ठेवता. हस्तलिखितांत टर्की पक्ष्याच्या चित्रावर ‘कु-त्सु’ आणि कुत्र्याच्या चित्रावर ‘त्सु-लु’ अशी चिन्हे होती. टर्कीला माया भाषेत ‘कुत्स’ म्हणतात आणि कुत्र्याला ‘त्सुल’, आणि दोन्ही शब्दांतले ‘त्सु’चे चिन्ह एकच आहे. शेवटच्या अक्षरातला स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही. हे वाक्य ऐकताच वर्गात हसू पसरले, कारण आपण ‘राम’ लिहितो तेव्हा शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ नेमका असाच गिळतो. इंग्रजी किंवा जर्मन विद्यार्थ्याला ज्यासाठी तासभर लागत असेल ते बाराखडी घोकलेल्या मराठी माणसाला एका उदाहरणात समजते, हा आनंद मला अनपेक्षित होता. पालेंके या माया नगराचा राजा पाकल याचे नाव कुठे ढालीच्या चित्राने लिहिले आहे, कारण ‘पाकल’ म्हणजेच ढाल, आणि कुठे ‘पा-का-ला’ अशा तीन अक्षरांनी. आम्हाला कागदावर ती तिन्ही चिन्हे काढायला लावली. माझे ‘का’ माशाच्या पंखापेक्षा करंजीसारखे दिसत होते, पण शेजारच्या बाईंनी ते वाचले.

इंग्लंडचे एरिक थॉम्पसन हे त्या काळातले सर्वांत वजनदार अभ्यासक. त्यांनी क्नोरोझोव्ह यांना अखेरपर्यंत मान्यता दिली नाही. १९७५ साली ते वारले आणि त्यानंतर वाचनाचा वेग वाढला. दरम्यान १९६० साली तात्याना प्रोस्कुरियाकोफ यांनी, एकही शब्द न वाचता, केवळ पिएद्रास नेग्रास येथील शिलास्तंभांवरच्या तारखांमधली अंतरे मोजून दाखवून दिले की या तारखा देवांच्या नाहीत, माणसांच्या आहेत : जन्म, राज्यारोहण, मृत्यू. अंतरे एका आयुष्यात मावणारी होती. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा युक्तिवाद ऐकून मला जे वाटले ते इथे फार वाढवून लिहीत नाही. पाकलच्या शवपेटीवरच्या झाकणात ‘अंतराळवीर’ पाहणाऱ्यांबद्दल सरांनी एकच वाक्य खर्चले : झाकणाच्या कडेने मजकूर कोरलेला आहे, तो वाचता येतो, आणि त्यात त्याच्या पूर्वजांच्या मृत्यूच्या तारखा आहेत. ६१५ साली बाराव्या वर्षी गादीवर आलेला आणि ६८३ साली वारलेला हा राजा ज्या दालनात निजला होता तिथे पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुझ १९५२ साली पोहोचले. मंदिराच्या फरशीतल्या एका शिळेला बुजवलेली भोके का आहेत, या साध्या प्रश्नापासून सुरुवात करून, दगडमातीने भरलेला जिना अनेक हंगाम उपसत.

तिसरे सत्र कालगणनेचे. इथे मी अधिक चिकित्सक होते, आणि तरीही सत्र उतरले नाही. तेरा अंक आणि वीस दिवसनामे यांच्या जोड्यांनी होणारे २६० दिवसांचे चक्र, त्याबरोबर फिरणारे ३६५ दिवसांचे वर्ष, आणि दोन्ही पुन्हा एकत्र यायला लागणारे १८,९८० दिवस, म्हणजे बावन्न वर्षे. हे लसावि मुलांना शिकवण्याचे फार सुंदर उदाहरण आहे. बावन्न वर्षांनी तीच तारीख पुन्हा येते, मग राजाचा पराक्रम कोणत्या फेरीतला हे कसे सांगायचे? सरांनी इथे कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या शिलालेखांकडे बोट दाखवले. आपल्याकडेही संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात, म्हणूनच लेखात संवत्सराबरोबर शकवर्ष, मास, तिथी आणि वार कोरतात. माया कोरक्यांनी त्यासाठी दीर्घगणना वापरली : इसवी सनपूर्व ३११४ च्या ११ ऑगस्टपासून मोजलेले दिवस, वीस-वीसच्या पटीत, मध्ये एकदाच अठराची पायरी घेऊन, आणि रिकाम्या स्थानासाठी शून्याचे चिन्ह ठेवून. एक लाख चव्वेचाळीस हजार दिवसांचा एक बाकतुन. असे तेरा २१ डिसेंबर २०१२ रोजी पूर्ण झाले. त्या दिवशी जग बुडणार म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनी किती दिवस काढले हे पुष्कळांना आठवत असेल. पालेंकेच्या लेखात मात्र पाकलच्या राज्यारोहणाचा एक वर्धापनदिन मोजून ठेवला आहे, तो इसवी सन ४७७२ मधला.

योगायोगाने वर्ग चालू असतानाच अंबाबाईचा किरणोत्सव आला. जानेवारीची ३१ आणि फेब्रुवारीची १ व २, तशाच नोव्हेंबरच्या ९, १०, ११ या तारखांना मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि पहिल्या दिवशी चरणांपासून तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. वर्षातून दोनदाच का, हे मात्र मी आजवर कागदावर मांडून पाहिले नव्हते. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत एक्केचाळीस दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना क्षितिजावरच्या त्याच जागी दोनदा मावळतो, म्हणून इमारतीची एक दिशा दोन तारखा देते. आता मेक्सिकोच्या आखाताच्या किनारपट्टीवरील व लगतच्या प्रदेशातील ४१५ प्राचीन वास्तुसमूहांच्या दिशा लायडारच्या, म्हणजे विमानातून लेसर सोडून केलेल्या मोजणीच्या, नकाशांवरून तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांची दिशा ११ फेब्रुवारी आणि २९ ऑक्टोबर या दोन सूर्योदयांकडे निघाली. एकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा : नेमके २६० दिवस. हे सरांनी सांगितले नाही, आम्हाला मोजायला लावले. हा अभ्यास २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. युकातानातील चिचेन इत्झा या नगरातल्या पिरॅमिडच्या पायऱ्यांवर विषुवदिनी उतरणाऱ्या सर्पछायेची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण ती छाया त्या दिवसाच्या आगेमागेही अनेक दिवस दिसते, त्यामुळे पुरावा म्हणून तिचे वजन या ४१५ मोजमापांपुढे फारच कमी भरते.

आता तक्रारी. चौथे सत्र लायडारचे होते आणि ते सभागृहाच्या प्रोजेक्टरने पार वाया घालवले. ज्या विषयाचा सगळा जीव करड्या रंगाच्या सूक्ष्म छटांत आहे, तो विषय फिकट पडद्यावर, पश्चिमेच्या खिडकीला पडदे नसताना, संध्याकाळी पाच वाजता दाखवणे म्हणजे श्रोत्यांच्या श्रद्धेची परीक्षा होती. पिरॅमिडच्या जागी आम्हाला पिठाची रांगोळी दिसत होती. संयोजकांना हे पहिल्याच रविवारी सांगितले होते. चौथ्या रविवारी खिडकीवर एक सतरंजी टांगली गेली आणि मध्यंतरात ती पडली. शब्दांनी जेवढे सांगता आले तेवढे सरांनी सांगितले : विमानातून खाली सोडलेल्या असंख्य लेसर झोतांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात, परतीच्या वेळेवरून अंतर कळते, आणि झाडांवरून आलेली उत्तरे संगणकावर वजा केली की जंगलाखालची जमीन उघडी होते. ग्वातेमालाच्या पेतेन भागात अशा रीतीने सुमारे २,१०० चौरस किलोमीटर जमीन पाहिल्यावर साठ हजारांहून अधिक बांधकामे दिसली. हे २०१८ साली जाहीर झाले, आणि त्यावरून सातव्या-आठव्या शतकात मध्य सखल प्रदेशात सत्तर लाख ते एक कोटी दहा लाख लोक राहत असावेत असा अंदाज मांडला गेला. एकाने लगेच विचारले की घरे मोजून माणसे कशी मोजली. घरे एकाच वेळी नांदती होती का, हे खोदल्याशिवाय कळत नाही, असे सरळ उत्तर मिळाले.

मेक्सिकोच्या तबास्को राज्यातील आग्वादा फेनिक्सचे वर्णन माझ्या लक्षात राहील. पुरातत्त्वज्ञ ताकेशी इनोमाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला हा चौथरा जवळजवळ चौदाशे मीटर लांब आणि दहा ते पंधरा मीटर उंच आहे, इसवी सनपूर्व १००० ते ८०० या काळात रचलेला. तो इतका पसरट आहे की त्याच्यावर गुरे चारणाऱ्यांना आपण मानवी बांधकामावर उभे आहोत याची जाणीव नव्हती. बैल नाही, चाकाची गाडी नाही, धातूचे अवजार नाही. सगळी माती माणसांनी वाहिलेली. राजाची मूर्ती किंवा राजवाडा म्हणावा असे तिथे काही सापडलेले नाही, त्यामुळे एवढे काम सक्ती करणाऱ्या सत्तेशिवाय होऊ शकते का, हा वाद खुला झाला आहे. वालेरियानाची कथा याच्या उलट बाजूची. मेक्सिकोच्याच काम्पेचे राज्यातल्या या नगराचा शोध जंगलात न जाता लागला : २०१३ साली वनांच्या पाहणीसाठी केलेले लायडारचे मापन इंटरनेटवर पडून होते, ते ल्यूक ऑल्ड-थॉमस या संशोधकाला गुगलच्या साधारण सोळाव्या पानावर सापडले, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्या पट्ट्यात ६,७६४ बांधकामे नोंदवली गेली. जवळून रस्ता जातो, आसपास लोक शेती करतात.

पाचव्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मका, कोको, जेड हा मौल्यवान हिरवा दगड आणि मातीची भांडी यांवर ते होते, चांगले होते, थोडे लांबले. आपल्या तांबड्या रश्शातली मिरची मूळची मेक्सिकोच्या बाजूची, हे ऐकून काही चेहरे खरोखरच पडले.

खरा अन्याय सहाव्या सत्रावर झाला. पत्रकावर ठळक छापलेले ‘ताजे शोध’ इथेच होते आणि प्रमाणपत्रांच्या कार्यक्रमासाठी एक तास कापल्यामुळे ते दीड तासात कोंबले गेले. बेलिझमधील काराकोल येथे आर्लेन आणि डायने चेस या दांपत्याने चाळीस वर्षे खोदकाम केल्यावर, २०२५ च्या जुलैमध्ये, त्या नगराच्या ते-काब-चाक या पहिल्या ज्ञात राजाची कबर सापडल्याचे जाहीर झाले. हा राजा ३३१ साली गादीवर आला होता. जेडच्या तुकड्यांचा मुखवटा, अकरा भांडी, कोरीव हाडे. याचे महत्त्व जेडमध्ये नसून तारखेत आहे, कारण दूर मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान नगराचे लोक ३७८ साली तिकालवर आले आणि त्यानंतर संबंध वाढले असे आजवर मानले जात होते. काराकोलच्या त्याच परिसरातले चौथ्या शतकाच्या मध्याचे अवशेष ते संबंध आधीपासून होते असे सुचवतात. हे समजायला तिकालचा इतिहास आधी हाताशी हवा आणि त्यासाठी वेळ उरला नव्हता. चिचेन इत्झाच्या पवित्र कुंडाजवळच्या एका भूमिगत टाक्यात १९६७ साली सापडलेल्या मुलांच्या अस्थींचे जनुकीय विश्लेषण २०२४ साली आले : तपासलेले चौसष्टच्या चौसष्ट मुलगे, त्यांत एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या, आणि आजच्या तिथल्या गावकऱ्यांशी त्यांचे जनुकीय सातत्य. पहिल्या दिवशी ‘लुप्त’ हा शब्द का खोडला, याचा हाच सर्वांत भक्कम पुरावा होता. तो सात मिनिटांत उरकला.

दुष्काळाच्या भागाला तर निदान एक संध्याकाळ हवी होती. युकातानातील एका गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचे थर ऋतूनिहाय वाचून, ८७१ ते १०२१ या काळात पावसाळाच कोरडा गेलेले, किमान तीन-तीन वर्षे टिकलेले आठ दुष्काळ २०२५ साली ओळखले गेले, त्यांतला सर्वांत लांब तेरा वर्षांचा. पूर्वीच्या अभ्यासांत वर्षाची सरासरी कळत होती. शेतकऱ्याला सरासरीचा उपयोग नसतो. त्याला जोडून तिकालच्या तलावांची हकिगत होती. एका तलावात दोन हजार वर्षांपूर्वी, कित्येक किलोमीटरवरून आणलेल्या झिओलाइट या खनिजाने आणि स्फटिकाच्या वाळूने पाणी गाळत होते. आणि त्याच नगराच्या मध्यभागी, राजवाडा व मंदिरांजवळच्या तलावांत, नवव्या शतकापर्यंत हिंगुळातला पारा आणि विषारी निळे-हिरवे शेवाळ साठलेले होते. रंकाळ्यापासून शंभर पावलांवर बसून हे ऐकताना कुणी काही बोलले नाही. जलपर्णीचा वास खिडकीतून येत होता, सतरंजी तोवर काढून टाकली होती.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. टिपणे छापील मिळत नाहीत. नकाशा आणि कालपट मागूनही मिळाला नाही, तो स्वतः घेऊन जावा. पाच वाजता म्हणजे सव्वापाच. चहा चांगला असतो. ठरलेली संग्रहालयभेट ऐनवेळी रद्द झाली आणि तिचे पैसे परत मिळाले नाहीत, याचा राग अजून आहे. पोसायडन पाहायला आम्ही चौघीजणी आपल्या आपण गेलो. पंधरा वर्षांवरच्या मुलांना नेण्यास हरकत नाही, लिपी आणि कालगणना ही दोन सत्रे तर मी माझ्या नववीच्या वर्गाला जशीच्या तशी देईन. पिरॅमिडची भव्य दृश्ये पाहायची हौस असणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. एखादी गोष्ट कशावरून कळली हे विचारण्याची खोड असणाऱ्यांनी जरूर जावे, आणि संयोजकांकडून प्रमाणपत्रांऐवजी सहाव्या सत्राचा तास मागून घ्यावा.

पुढची तुकडी जूनमध्ये आहे म्हणतात. पावसात त्या पत्र्याखाली काही ऐकू येणार नाही. पहिल्या दोन रांगा धराव्यात.